उतरलेलं पाणी आणि नऊ जागा: सस्क्वेहानातल्या बासच्या शोधाच्या नोंदी

26 जुलै

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली सस्क्वेहाना नदी; तिच्यावरच्या हॅरिसबर्गच्या मापनकेंद्राचा आकडा आज सकाळी 3.6 फूट. बारा दिवस झाले, रोज थोडाथोडा उतरतोय. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, एका ठरवलेल्या पातळीपासून मोजलेली उंची. पण रोज तोच बघत गेलं की नदीची नाडी हाताला लागते. जूनमध्ये तो 5 च्या आसपास असताना काठालगतच्या झुडपांखाली एका सकाळी आठ-दहा स्मॉलमाउथ बास सहज लागायचे. त्याच जागा आज एकतर कोरड्या आहेत, नाहीतर घोट्याएवढ्या पाण्यात. चार तासांत दोन मासे, दोन्ही वीतभर.

दर उन्हाळ्यात हे होतं आणि दर उन्हाळ्यात मी आमिषं बदलत बसतो. यंदा आमिष नाही, नदी बघायची ठरवलं आहे. फोर्ट हंटरच्या वरच्या अंगापासून रॉकव्हिलच्या दगडी पुलाच्या थोडं खालपर्यंत, पूर्वेच्या काठापासून पात्राच्या मध्यापर्यंत, असा सुमारे एक मैलाचा पट्टा घेतला आहे. पाणी पुन्हा चढेपर्यंत याच पट्ट्यात गरवायचं, दुसरीकडे कितीही मासे लागत असले तरी जायचं नाही. मासा लागला तर जागा, खोली, वेळ आणि आमिष लिहायचं. नाही लागला तर कुठे नाही लागला तेही तितक्याच नीट लिहायचं. पाण्याचं तापमान तीन ठरलेल्या ठिकाणी घ्यायचं. शेवटी हाताने काढलेला एक नकाशा तयार झाला पाहिजे.

28 जुलै

आज गरवायची छडी गाडीतच ठेवली. फक्त एक काठी, तिच्यावर सहा-सहा इंचांवर खुणा, खिशात वही आणि पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा.

नदी इथे पाऊण मैल रुंद आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी गुडघ्याच्या वर येत नाही. ब्लू माउंटनची रांग नदीने वरच्या बाजूला कापली आहे आणि तिच्या खडकांचे पट्टे पात्रात आडवे गेले आहेत. चढत्या पाण्यात या पट्ट्यांचा पत्ता फक्त पृष्ठभागावरच्या सुरकुत्यांवरून लागतो. आज त्यांच्या पाठी उघड्या पडल्या आहेत. जी गोष्ट मासे पकडणं अवघड करते, तीच नदीचा तळ उघडा करून दाखवते. इतकी वर्षं मी या दिवसांत नदीकडे पाठ फिरवत आलो याचं आज खरंच वाईट वाटलं.

अडीच तासांत सात पट्टे चालून झाले. काय दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं यावर उभं राहणार आहे.

कातळाच्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला पाणी अडून संथ होतं, तिथे तळाला गाळ आणि शेवाळ. पट्ट्यात जिथे खाच आहे तिथून सगळी धार एकवटून खाली उतरते. खाचेच्या खाली तिने तळ खरवडून चर केली आहे: लांबी दहा-पंधरा फूट, रुंदी चार-पाच फूट, खोली अडीच ते तीन फूट. आजूबाजूला नऊ इंच पाणी असताना अडीच फुटांची चर म्हणजे डोहच. मी आजवर खोल पाणी शोधताना सहा-आठ फुटांचं शोधत होतो. या पट्ट्यात तसं ते जवळजवळ नाहीच. माशाला पाठीवर सावली आणि शेजारी धार एवढं मिळालं की त्याचं भागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शिवण. धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात ती रेघ. तिच्यावर फेस जमतो आणि तो फेस बारीक माळेसारखा खाली वाहत जातो. दूरून शिवण दिसली नाही तरी फेसाची माळ दिसते. आज ज्या चार ठिकाणी मला बास डोळ्यांनी दिसले, त्या चारही ठिकाणी फेस होता.

चौथ्या पट्ट्यात एक अरुंद भेग आहे, तिरपी, हातभर रुंद, काठी बुडवली तर तळ लागला नाही. तिच्या तोंडाशी तीन मोठे मासे होते. जागा क्रमांक 4.

1 ऑगस्ट

3.5 फूट. पहाटे 5:40 ला पाण्यात. तापमान: संथ डोहात 25.5°, पहिल्या खळाळाखाली 25°, काठाच्या उथळ पाण्यात 24°. दुपारी दोनला तेच काठाचं उथळ पाणी 30.5°. सर्व सेल्सिअस.

या आकड्यांवर थोडं थांबलं पाहिजे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी राहतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना सुमारे 7.5. आणि मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाणी तापलं की त्याच्या शरीराचं इंजिन जोरात चालतं, त्याला प्राणवायू जास्त लागतो आणि अन्नही. तेव्हा उन्हाळ्यात बास खात नाहीत हे चूक. ते भरपूर खातात, पण उरकून घेतात. बाकीचा वेळ जिथे श्वास घेणं सोपं आहे तिथे थांबतात.

पाणवनस्पतींचा आणखी एक घोळ आहे. दिवसा त्या प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्याही तो वापरतात. त्यामुळे वनस्पतींनी भरलेल्या संथ पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो नेमका पहाटे, उजाडायच्या आधी. मी पहाटेच्या पहिल्या तासात हटकून अशाच गवताच्या कडांवर आमिष टाकायचो, कारण उजेड कमी म्हणून मासे उथळ पाण्यात येतील असा हिशोब. उजेडाचा हिशोब बरोबर होता, हवेचा राहून गेला होता. खळाळ मात्र दगडांवर आपटत रात्रभर हवा मिसळत असतो.

आज पहिला तास फक्त खळाळांच्या पायथ्याशी काढला. चार मासे, त्यातला एक 16 इंची. मग सात वाजता उन्हं पाण्यावर आली आणि कोणीतरी कळ बंद केल्यासारखं सगळं थांबलं. नंतरच्या तीन तासांत एक.

4 ऑगस्ट

आज मेहुणा सोबत होता. त्याला पट्टा दाखवला, जागा 4 दाखवली. "भाऊजी, इथे तर तळाचे दगड मोजता येतायत. मासा कुठून येणार?" तो म्हणाला. त्याचा प्रश्न रास्त होता. आणि उत्तर त्याच्याकडूनच मिळालं.

तो माझ्यापुढे तीस फुटांवर चालत होता. मी मागे एका कातळावर उभा होतो, उंचावर, चष्मा लावून. तो जागा 4 पासून अजून पन्नास फूट लांब असतानाच भेगेच्या तोंडाशी असलेले दोन मासे आत सरकले. तो जाऊन उभा राहिला, वीस मिनिटं आमिष टाकत राहिला, काही नाही. तो निघून आला. मी तिथेच बसून राहिलो आणि घड्याळ लावलं. मासे परत तोंडाशी यायला 35 मिनिटं लागली.

म्हणजे इतके दिवस मी ज्या जागांना रिकामं म्हणून वहीत फुली मारली, त्यातल्या किती माझ्याच पायांनी रिकाम्या केल्या असतील? उथळ पाण्यात दगडावर दगड घासल्याचा आवाज लांबवर जातो. पायापुढे लाटेची एक घडी तयार होते, तीही आपल्या आधी पोचते. सकाळी पूर्वेचा काठ पाठीशी असला की सावली थेट पात्रात पडते. गढूळ, चढत्या पाण्यात हे सगळं झाकलं जातं, म्हणून मला त्याची सवयच नव्हती.

आजपासूनच्या सवयी. खालून वर चालायचं, कारण मासा धारेकडे तोंड करून असतो आणि उडालेला गाळही आपल्या मागे वाहून जातो. जागेपासून निदान साठ फूट लांब थांबायचं. थांबल्यावर पाच मिनिटं काहीच करायचं नाही. आमिष जागेवर आपटायचं नाही, वरच्या बाजूला आठ-दहा फूट टाकून धारेने येऊ द्यायचं. पहिली फेक ही जवळजवळ एकमेव फेक समजायची. मेहुण्याला दुपारी जागा 6 वर असं करायला लावलं आणि पहिल्याच फेकीला त्याला 15 इंची मासा लागला. त्याने तो पाण्यातच हातात धरला, लाल डोळा आणि अंगावरचे उभे पट्टे बघितले, आणि सोडला. घरी येईपर्यंत तो दुसरं काही बोलला नाही.

9 ऑगस्ट

3.4 फूट. संध्याकाळची फेरी.

सूर्य आठच्या सुमाराला मावळला आणि वीस मिनिटांत पाण्यावर बर्फ पडल्यासारखं झालं. पांढऱ्या मेफ्लाय. इफोरॉन ल्यूकॉन. तळाच्या गाळात आणि रेतीत बिळं करून राहणारी ही किडी जुलैच्या शेवटापासून ऑगस्टमध्ये अशा एखाद्या संध्याकाळी एकदम वर येते, पंख फुटतात, जोडी जमते, अंडी पाण्यात पडतात आणि दोनेक तासांत संपते. नर एकदा कात टाकून पूर्ण प्रौढ होतो. मादी तेवढ्यासाठीही थांबत नाही, अर्धवट अवस्थेतच अंडी टाकते. हाताच्या बाहीवर चिकटलेल्या रिकाम्या पारदर्शक काती मी टॉर्चच्या उजेडात मोजत होतो. इथून खाली कोलंबिया आणि राइट्सव्हिलच्या मधल्या पुलावर 2015 च्या जूनमध्ये दिव्यांकडे ओढल्या गेलेल्या मेफ्लायचे एवढे ढीग साचले की मोटरसायकली घसरल्या आणि पूल काही काळ बंद करावा लागला.

तर मासे. अख्ख्या नदीवर चुळूक चुळूक आवाज. दिवसभर ज्या पाण्यात काही नाही म्हणत होतो तिथे, नऊ इंचांच्या पाण्यात, पाठी दिसत होत्या. आणि माझ्या आमिषाला कोणी विचारत नव्हतं! हजारो खऱ्या किड्यांमध्ये माझा एक खोटा. पाण्यावर तरंगत आवाज करणारा पॉपर टाकला, नाही. छोटं रबरी आमिष टाकलं, नाही. शेवटी फेसाच्या माळेच्या खालच्या टोकाला, जिथे मेलेल्या मेफ्लाय गोळा होऊन चकतीसारख्या फिरत होत्या, तिथे तळाशी शिसं न लावता एक पांढरं, बोटाएवढं आमिष नुसतं बुडू दिलं. तीन मासे, तिन्ही 14 च्या वर. वर लहान मासे दंगा करत होते, मोठे खाली पडलेलं वेचत होते.

10 ऑगस्ट

सकाळी गेलो. पोटं भरलेली असावीत. एकही नाही. कालची जागा क्रमांक 7 म्हणून नोंदवली.

13 ऑगस्ट

आज गरवलं नाही. पहाटे सहालाच डोहात 28.5° होतं. तीनही ठिकाणचं तापमान घेतलं, दोन पट्ट्यांची खोली पुन्हा मोजली आणि परत आलो.

मी मासा ठेवत नाही. प्रत्येक मासा परत जातो. म्हणून तो परत गेल्यावर जगला पाहिजे, नाहीतर सोडण्याला अर्थ काय? गरम, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात दमवलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो. आपण पाठ फिरवल्यावर त्याचं काय झालं ते आपल्याला दिसत नाही.

या नदीला हे फार जवळून माहीत आहे. 2005 च्या उन्हाळ्यात असंच पाणी उतरलेलं आणि तापलेलं असताना सस्क्वेहानात त्या वर्षी जन्मलेले स्मॉलमाउथ मोठ्या प्रमाणावर मेले. बोटाएवढी पिल्लं, अंगावर पांढरे चट्टे आणि फोड. कॉलम्नॅरिस या जिवाणूचा संसर्ग त्यांच्यात सापडला, पण तो जिवाणू पाण्यात तसाही असतो, आधीच ताणाखाली असलेल्या माशाला तो गाठतो. पुढची कित्येक वर्षं नदीत मोठे मासे होते, त्यांच्या पाठीमागून येणारे नव्हते. ही नदी कधीकाळी फक्त बासच्या संख्येसाठी नावाजलेली होती. पिढ्या पुन्हा भरत आल्या आहेत, आणि त्या भरताना बघणं हे मला आमिष टाकण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

माझी मर्यादा: पहाटे 28 च्या वर असेल तर छडी बाहेर काढायची नाही. इतर दिवशीही गरीचे काटे चिमट्याने दाबून टाकलेले, हात ओले करूनच मासा धरायचा, मोजायचा तो पाण्यातच काठीला लावून.

17 ऑगस्ट

रात्री वळवाचा हलका पाऊस, हवा निवळली. पहाटे 24.5°. 3.4 फूट, म्हणजे पाणी वाढलं नाही, नुसतं गार झालं.

आमिषाबद्दल आत्तापर्यंत मुद्दाम थोडंच लिहिलं, आज मोकळेपणाने लिहितो. गरवण्याआधी जागा 4 आणि जागा 2 च्या आसपासचे दगड उलटून बघितले. दगडाखाली क्रेफिश (गोड्या पाण्यातले, नांग्या असलेले झिंग्यासारखे जीव), बहुतेक सगळे अंगाच्या दोन्ही बाजूंना गंजाच्या रंगाचा डाग असलेले. ही जात मूळची ओहायो नदीच्या खोऱ्यातली, इथे बाहेरून आली आणि तिने मूळच्या क्रेफिशना हुसकावलं. मोठे अंगठ्यापेक्षा जाड, पण सगळ्यात जास्त होते ते दीड-दोन इंचांचे. खळाळातल्या दगडांखाली हेलग्रामाइट, डॉब्सनफ्लायची ती काळी, चिमटेवाली अळी. तीही दोन-अडीच इंच.

जूनमध्ये मी चार इंचांची ट्यूब, म्हणजे नळीसारखं पोकळ रबरी आमिष, वापरतो, पाव औंसाच्या शिशावर. नितळ, उथळ पाण्यात ती दगडासारखी आपटते आणि लगेच भेगेत बसते. (जागा 4 च्या भेगेने या महिन्यात माझ्या तीन ट्यूब गिळल्या, तिन्ही एकाच ठिकाणी, भेगेच्या डाव्या ओठाखाली.) आज अडीच इंचांची ट्यूब, तपकिरी-हिरवी, 1/16 औंस शिसं, पुढे सहा पौंडाचा तंगूस. एवढं हलकं आमिष लांब फेकता येत नाही, म्हणून मागे बारीक विणलेली दोरी आणि सात फुटांची लवचीक छडी. साठ फूट जातं, तेवढं पुरतं.

ओढायचं नाही, हे सगळ्यात अवघड. धार ज्या वेगाने फेस नेते, त्याच वेगाने आमिष तळावरून गेलं पाहिजे. छडीचं टोक वर धरून दोरीचा फक्त ताण ठेवायचा. आणि मंद पाण्यात टोच कशी येते हे शिकायला मला दोन आठवडे लागले. झटका नसतोच. वाहत येणारी दोरी वाहायची थांबते. किंवा धारेच्या विरुद्ध दिशेने बोटभर सरकते. बस्स, तेवढंच. आधी मी याला शेवाळ म्हणायचो आणि सावकाश सोडवून घ्यायचो. आज प्रत्येक थांबण्याला मनगटाने उत्तर दिलं. अकरा वेळा दोरी थांबली: पाच वेळा दगड किंवा शेवाळ, सहा वेळा मासा. त्यातले पाच हाताला लागले. सगळ्यात मोठा 17.5 इंच, जागा 2 च्या चरीच्या वरच्या टोकाला, अगदी पुढच्या काठावर. खालच्या टोकाला लहान. पहिली जागा मोठ्याची हे चार वेळा जुळलं आहे, आता लिहून ठेवायला हरकत नाही.

22 ऑगस्ट

परवा रात्री जुनिएटा नदीच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला. इथे थेंब नाही. आज 3.7 फूट, म्हणजे तीन-साडेतीन इंच चढ.

जुनिएटा पश्चिमेकडून येऊन डंकॅननपाशी मिळते, पण मिळते म्हणजे लगेच मिसळते असं नाही. तिचं पाणी मैलोन् मैल पश्चिमेच्या काठाला धरून जातं. आज ते डोळ्यांनी दिसत होतं: पलीकडची अर्धी नदी चहाच्या रंगाची, आमच्या बाजूची अजून नितळ, आणि मध्ये एक वाकडी सीमारेषा. माझ्या पट्ट्याची हद्द पात्राच्या मध्यापर्यंत आहे, म्हणून कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, काढली आणि हद्दीवर गेलो.

पंधरा दिवस ज्यांना हाताशी धरून बसलो होतो ते सगळे नियम आज सैल झाले. गढूळ पाण्याच्या कडेला बास ओळीने उभे असावेत तसे. नितळ बाजूला आमिष टाकून गढूळ कडेकडे आणलं की कडेतून मासा बाहेर यायचा, घेऊन परत आत. मोठी चंदेरी पात्याची चकती, जी महिनाभर पेटीतून बाहेर आली नव्हती, ती चालली. नऊ मासे, दोन तास.

नितळ बाजूलाही बदल होता. तीन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण नऊ इंचांच्या पाण्यात ती एक तृतीयांश वाढ आहे. जे पट्टे कोरडे होते त्यांच्यावरून पाणी पातळसं वाहू लागलं आणि त्यांच्या खालच्या बाजूला नव्या शिवणी उमटल्या. जागा 5, जी दोन आठवडे मेलेली होती, तिथे दोन मासे. म्हणजे जागेला क्रमांक देऊन पुरत नाही, ती किती फुटांना जिवंत होते हेही नकाशावर हवं. घरी येऊन सगळ्या जागांपुढे मापनकेंद्राचा आकडा लिहिला.

24 ऑगस्ट

पुन्हा 3.5. सीमारेषा गेली, जागा 5 पुन्हा रिकामी. दोन मासे, दोन्ही जागा 4.

30 ऑगस्ट

दुपारी मोकळा होतो, ऊन कडक, पण पाणी 26°. दुपारी काही होत नाही हे आता माझं मत झालं होतं, ते तपासायला गेलो.

रॉकव्हिलचा पूल 1902 चा, 48 कमानींचा, 3,820 फूट लांब. दगडी कमानींचा एवढा लांब रेल्वेपूल जगात दुसरा नाही. इतक्या कमानी म्हणजे जवळजवळ तितकेच खांब, आणि प्रत्येक खांबाने धार दुभागून आपल्या कुशीला तळ खरवडला आहे. मुख्य म्हणजे सावली. माझ्या मैलभर पट्ट्यात दुपारी एवढी मोठी सावली दुसरी नाही. काठाकडून तिसऱ्या आणि पाचव्या खांबाच्या सावलीत, चार फूट पाण्यात, मासे होते. उन्हात टाकलेलं आमिष त्यांनी बघितलंही नाही. सावलीच्या रेषेच्या हातभर आत टाकलेलं घेतलं. तीन मासे. जागा 8 आणि 9. सूर्य सरकेल तशी सावली सरकते आणि मासेही तिच्यासोबत सरकतात, हे तासभर बघत बसलो.

वरून मालगाडी गेली. मला नेहमी ती गोष्ट आठवते: स्मॉलमाउथ या नदीचे मूळ रहिवासी नाहीत. 1854 मध्ये ओहायोच्या खोऱ्यातले थोडे मासे रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून डोंगर ओलांडून पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात आणून सोडले गेले, आणि पुढे काही दशकांत सस्क्वेहानातही बास आले. खालच्या सावलीतला मासा आणि वरची आगगाडी यांचं नातं असं जुनं आहे.

6 सप्टेंबर

3.3 फूट, या मोसमातला नीचांक. रात्री गार, पहाटे 20.5°, नदीवर धुकं.

आज नवीन काही शिकलो. जागा 6 च्या वर, जिथे कधीच काही नसतं अशा गुडघाभर सपाट पाण्यात, तीन कार्प मासे तळ उकरत चालले होते. त्यांच्या मागे गाळाचा धूर, आणि धुरात दोन बास. कार्प दगड हलवतो, क्रेफिश बाहेर पळतो, बास उचलतो. कार्पच्या पुढे नव्हे, मागे चार फुटांवर छोटी ट्यूब टाकली आणि ती तळाला टेकायच्या आत गेली. या माशाला जागा क्रमांक देता येत नाही. नकाशावर नुसतं लिहिलं: कार्प दिसले तर मागे बघ.

पाणी गार झाल्यावर सकाळची घाई राहिली नाही. आज सर्वात चांगला वेळ नऊ ते अकरा होता. ऑगस्टमधले तास सप्टेंबरला लागू नाहीत.

13 सप्टेंबर

आज वही घेऊन घरी बसलो आणि बेरीज केली. एकूण 47 चरी, भेगा, खाचा आणि सावल्या मोजल्या होत्या. कार्पमागचा तो एक आणि 22 ऑगस्टचे गढूळ कडेवरचे नऊ सोडले, तर बाकीचे सगळे मासे नऊ जागांमधून आले आहेत. उरलेल्या 38 जागाही दिसायला जवळजवळ तशाच होत्या. पुन्हा चालून आलो आणि फरक शोधला. बहुतेक ठिकाणी खोली होती पण धार नव्हती, किंवा धार होती पण अंग लपवायला आडोसा नव्हता. दोन ठिकाणी तिन्ही गोष्टी होत्या आणि तरी मासे नव्हते. तिथे दगड उलटले: तळाला नुसती बारीक वाळू बसलेली, दगडांखाली क्रेफिश नाही, अळी नाही. खोली, धार, आडोसा आणि अन्न. चारही एकत्र असणाऱ्या जागा मैलभरात नऊच, आणि सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून एका मध्यम अंगणाएवढं. बाकीच्या पाण्यावर मी इतकी वर्षं दिवसचे दिवस घालवले आणि वर म्हणत आलो की मासे मंदावलेत.

नकाशा पक्का केला. प्रत्येक जागेला काठावरच्या दोन खुणा घेतल्या, एक जवळची आणि एक लांबची, दोन्ही एका रेषेत आल्या की तुम्ही जागेच्या रेषेवर आहात. जागा 4: वाकलेलं सिकॅमोरचं झाड आणि त्याच्या मागचा विजेचा खांब. आडव्या रेषेसाठी पुलाची सातवी कमान.

19 सप्टेंबर

दोन दिवस सर्वदूर पाऊस. आकडा 4.9 आणि चढतोय. प्रकल्प ठरल्याप्रमाणे इथे संपतो.

कयाकने गेलो. कातळाचे पट्टे सगळे बुडाले, पाणी हिरवट-तपकिरी, तळ दिसत नाही. दीड महिना ज्या दगडांवर बसून चहा प्यायलो त्यांच्यावरून दोन फूट पाणी जात होतं. सिकॅमोर आणि खांब एका रेषेत आणले, सातवी कमान बघितली, छोटा नांगर टाकला. मोठी ट्यूब, पाव औंस शिसं, धारेच्या वर फेकली. ती खाली आली, कातळाला लागली, टक, टक, मग एकदम खोल उतरली आणि अडकली. सोडवायचा प्रयत्न केला, सुटली नाही. भेगेचा डावा ओठ. तंगूस तोडला आणि वहीत जागा 4 पुढे चौथी ट्यूब लिहिली.